थकबाकीचा दावा लावायचा कुठे: मॅट, खंडपीठ की कामगार न्यायालय?

एकाच गावात तलाठी आहे आणि ग्रामसेवकही आहे. दोघांची वेतननिश्चिती चुकली, दोघांची थकबाकी अडकली. तलाठ्याने जायचे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये. ग्रामसेवकाने जायचे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात. दोन्ही ठिकाणे छत्रपती संभाजीनगरलाच आहेत, पण एकाचा दावा दुसऱ्या ठिकाणी चालत नाही. पंचायत समितीतही तसेच: गटविकास अधिकारी मॅटमध्ये, त्यांच्याच कार्यालयातला जिल्हा परिषदेचा कनिष्ठ सहायक खंडपीठात. प्राथमिक आरोग्य केंद्रातला गट अ चा वैद्यकीय अधिकारी मॅटमध्ये, आरोग्यसेविका खंडपीठात.

सगळ्यात जास्त फसवणारा समज म्हणजे "पगार कोषागारातून निघतो, म्हणजे मी सरकारी, म्हणजे मॅट". जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा पगारही शेवटी राज्याच्याच अनुदानातून होतो, अनुदानित खासगी शाळेतल्या शिक्षकाचाही. तरी दोघेही मॅटच्या कक्षेत येत नाहीत. पैसा कोणाचा, यावरून मंच ठरत नाही. नेमणूक कोणी दिली, पद कोणाच्या आस्थापनेवर आहे आणि सेवाशर्ती कोणत्या नियमांनी चालतात, यावरून ठरतो.

म्हणून वकिलाकडे जाण्याआधी दोन कागद काढा: मूळ नेमणूक आदेश आणि सेवापुस्तकाचे पहिले पान. आदेशावर सही जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, सहसंचालक, अधीक्षक अभियंता अशा राज्य शासनाच्या अधिकाऱ्याची आहे, आणि महाराष्ट्र नागरी सेवा नियम थेट लागू आहेत, तर मॅट. सही मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची असून पद जिल्हा परिषदेच्या जिल्हा सेवेतले असेल तर खंडपीठ. प्रतिनियुक्तीवर असाल तर बसण्याची जागा पाहू नका, मूळ संवर्ग पाहा. महापालिकेत उपायुक्त म्हणून आलेला राज्य सेवेतला अधिकारी आपल्या मूळ सेवेच्या वेतननिश्चितीसाठी मॅटमध्येच जातो.

मॅटची कक्षा

प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा १९८५ चा. त्याखाली महाराष्ट्राचे न्यायाधिकरण १९९१ मध्ये सुरू झाले. मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद अशी तीन पीठे. कायद्याच्या कलम ३ मधल्या "सेवाविषयक बाबी"च्या व्याख्येत वेतन, भत्ते, निवृत्तिवेतन आणि निवृत्तीचे इतर लाभ स्पष्ट शब्दांत आहेत. पैशाची मागणी आहे म्हणून दावा दिवाणी न्यायालयात, असे होत नाही. वेतनवाढ, आश्वासित प्रगती योजनेचा (पदोन्नती न मिळाल्यास ठरावीक वर्षांनी वरचे वेतन देणारी योजना) लाभ, निलंबन काळातले वेतन, रजेचे रोखीकरण, वैद्यकीय प्रतिपूर्ती, उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी, सगळे मॅटसमोरच.

एके काळी वाट दिवाणी न्यायालयाची होती. थकीत पगारासाठी सरकारी नोकराला दिवाणी दावा करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये बिहारच्या अब्दुल मजीद प्रकरणात सांगितले होते. तालुक्याच्या ठिकाणी आजही "आधी कलम ८० ची नोटीस द्या" (सरकारवर दिवाणी दावा करण्याआधी द्यायची नोटीस) हा सल्ला मिळतो, त्याचे मूळ त्या काळात आहे. मॅटच्या कक्षेतल्या कर्मचाऱ्यासाठी १९८५ च्या कायद्याचे कलम २८ ही वाट बंद करते, आणि मॅटसाठी कलम ८० ची नोटीस लागत नाही.

थेट खंडपीठात रिट करण्याचा मोहही टाळावा. १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालाने न्यायाधिकरणांच्या निर्णयांवर उच्च न्यायालयाची देखरेख कायम ठेवली, पण पहिली पायरी न्यायाधिकरणाचीच, हेही त्याच निकालात बजावले. मॅटचा निर्णय पटला नाही तर खंडपीठाच्या दोन न्यायमूर्तींसमोर जायचे.

मॅटमध्ये कोण येत नाही

जिल्हा व तालुका न्यायालयांतले लिपिक, शिपाई, बेलीफ यांना कायद्याचे कलम २ वगळते. त्यांची वाट खंडपीठाची. विधिमंडळ सचिवालयाचेही तेच.

जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण मराठवाड्यात खोळंबलेल्या मागण्यांत त्यांचा भरणा मोठा आहे. कलम १५(२) नुसार राज्य शासन अधिसूचना काढून स्थानिक संस्थांना मॅटच्या कक्षेत आणू शकते. जिल्हा परिषदांना तसे आणलेले नाही. म्हणून किनवटच्या शिक्षकाला एका वेतनवाढीच्या फरकासाठीही उच्च न्यायालयात रिट करावे लागते, जिथे तथ्यांचा तपशील तपासण्याची पद्धतच मर्यादित आहे. सेवापुस्तकातल्या नोंदींचा आणि आकड्यांचा वाद न्यायाधिकरणात जास्त नीट तपासला जातो. जिल्हा सेवेला मॅटच्या कक्षेत आणणे हाच आमच्या मते यावरचा सरळ उपाय आहे. तोवर रिट करताना एवढे करा: मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे आधी सविस्तर निवेदन, त्याची पोच, आणि रिटमध्ये वाद नसलेली तथ्येच पुढे. सेवापुस्तकातली नोंद, शासन निर्णय आणि दोघांतली विसंगती एवढ्यावर रिट उभी राहिली पाहिजे.

अनुदानित खासगी शाळांसाठी १९७७ च्या सेवाशर्ती कायद्याखाली शाळा न्यायाधिकरण आहे. त्याचे दार अरुंद आहे: बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती आणि डावलून दुसऱ्याला बढती, एवढ्याच तक्रारी, त्याही ३० दिवसांत. नुसता पगार थांबला, शालार्थ या ऑनलाइन पगार प्रणालीत नाव आले नाही, फरक मिळाला नाही, यासाठी ते न्यायाधिकरण नाही, खंडपीठ आहे. सेवासमाप्तीला आव्हान असेल तर मात्र मागील वेतनाची मागणी त्याच अपिलात जोडा. विद्यापीठे आणि संलग्न महाविद्यालयांतल्यांनी २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातली तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण आधी पाहावे. परभणीचे कृषी विद्यापीठ त्या कायद्यात येत नाही.

एसटीचा चालक, महापालिकेचा सफाई कामगार, पाणीपुरवठ्याचा पंपचालक हे "कामगार" या व्याख्येत बसतात. त्यांना कामगार व औद्योगिक न्यायालये खुली आहेत. १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखालच्या तक्रारीची मुदत ९० दिवस आहे, हे विसरू नका. ठरलेली रक्कम मोजून मागण्याचा अर्ज कामगार न्यायालयात चालतो, पण त्यात एक खड्डा आहे. हे न्यायालय अशा अर्जात वसुली करणाऱ्यासारखे काम करते. हक्क आधीच मान्य असेल, करारात, निवाड्यात किंवा नियमात, तरच ते आकडा काढून देते. "समान कामाला समान वेतन" असा मुळातच वादात असलेला हक्क तिथे ठरवून घेता येत नाही. दिल्ली महापालिकेच्या गणेश रझाक प्रकरणात १९९४ मध्ये नेमके यावरच कामगारांचे अर्ज फेटाळले गेले. कामगार कायद्यांच्या जागी नव्या संहिता आल्या आहेत, त्यामुळे अर्जातला कलमाचा आकडा जुन्या नमुन्यावरून उतरवू नका. दाखल करतेवेळी लागू असलेली तरतूद पाहूनच लिहा.

वन, सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा या खात्यांतल्या रोजंदारांना दोन्हीकडची दारे दिसतात. १९८५ च्या कायद्याच्या कलम २८ मध्येच औद्योगिक न्यायाधिकरण आणि कामगार न्यायालय यांचे अधिकार राखून ठेवले आहेत, आणि महाराष्ट्राच्याच वनखात्याच्या जगन्नाथ कोंढरे प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामगारांना अनुचित प्रथा कायद्याचे संरक्षण दिले. नेमणूक आदेश नाही, फक्त हजेरीपट आहे, अशा माणसाने मॅटच्या नादी लागू नये. नागरी पद धारण करतो हे सिद्ध करण्यातच त्याची ताकद संपेल.

अंगणवाडी सेविकेचे पद नागरी पद नाही, हे २००६ च्या अमीरबी निकालाने ठरले आहे. पण उपदानाचा कायदा तिला लागू होतो, हे २५ एप्रिल २०२२ च्या मणिबेन निकालाने सांगितले. म्हणजे मॅट नाही. उपदानापुरता दावा उपदानाच्या सध्या लागू असलेल्या कायद्याखालच्या प्राधिकाऱ्याकडे. नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांनाही उपदानासाठी हाच रस्ता आहे.

केंद्र सरकारचे कर्मचारी, म्हणजे टपाल, आयकर, नांदेड विभागातले रेल्वे कर्मचारी, केंद्रीय न्यायाधिकरणात, म्हणजे कॅटमध्ये जातात. सध्याचे नेमणुकीचे ठिकाण किंवा दाव्याचे कारण जिथे घडले ते ठिकाण, यावरून पीठ ठरते. निवृत्तांना राहत्या ठिकाणावरून अर्ज करता येतो. नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेत येतो आणि मुख्यालय सिकंदराबादला आहे, म्हणून तिकडेच जावे लागेल असे निवृत्तांना उगाच वाटते. माजी सैनिकांसाठी सशस्त्र दल न्यायाधिकरण. मुदखेडच्या केंद्रातले केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जवान ना कॅटमध्ये, ना सशस्त्र दल न्यायाधिकरणात; त्यांना उच्च न्यायालय. जालना-हिंगोलीच्या राज्य राखीव दलाचे जवान मात्र राज्याचे, म्हणून मॅट.

ग्राहक आयोगाकडे जाऊ नका. सरकारी नोकर निवृत्तीच्या लाभांसाठी "ग्राहक" ठरत नाही, हे जगमित्तर सैन भगत प्रकरणात २०१३ मध्ये ठरले आहे.

मुदत: दावे इथेच मरतात

मॅटची मुदत कलम २० आणि २१ एकत्र वाचून मोजायची. अंतिम आदेश मिळाला असेल तर त्या तारखेपासून एक वर्ष. निवेदन किंवा अपील करून उत्तरच आले नसेल तर सहा महिने वाट पाहायची आणि ते संपल्यापासून एक वर्ष. निवेदन १ फेब्रुवारी २०२५ ला पोचले आणि कार्यालय गप्प राहिले, तर अर्ज जुलै २०२६ संपण्याआधी दाखल झालेला हवा.

चूक होते ती स्मरणपत्रांची. पहिल्या निवेदनानंतर दर चार महिन्यांनी स्मरणपत्र देत राहिले की मुदत पुढे सरकते, असे कर्मचाऱ्यांना वाटते. तसे होत नाही. जुन्या, मेलेल्या मागणीवर कार्यालयाने नंतर उत्तर दिले तरी मागणी पुन्हा जिवंत होत नाही, हे सी. जेकब प्रकरणात २००८ मध्ये स्पष्ट झाले. म्हणून पहिलेच निवेदन पूर्ण लिहा, आवक क्रमांकासह पोच घ्या, आणि त्या तारखेला पुढचे गणित बांधा.

चुकीच्या वेतननिश्चितीला मात्र कायद्याने एक मोकळीक दिली आहे. दर महिन्याला कमी पगार मिळतो, म्हणजे दर महिन्याला नवे कारण घडते, एम. आर. गुप्ता, १९९५. पण मागचा पैसा अमर्याद मिळत नाही. तरसेम सिंग निकालानुसार, २००८, थकबाकी साधारणपणे अर्ज दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरती. जुलै २०१४ च्या पदोन्नतीवेळची निश्चिती चुकली आणि अर्ज जून २०२६ मध्ये टाकला, तर वेतन २०१४ पासून कागदावर सुधारेल, रोख फरक जून २०२३ पासूनचा हातात येईल. मधली नऊ वर्षे गेली. ज्येष्ठता किंवा पदोन्नतीच्या तारखेचा वाद असेल तर ही मोकळीकही नाही, कारण त्याने इतरांची स्थिती बिघडते.

मुदत टळलीच असेल तर विलंबमाफीचा किरकोळ अर्ज वेगळा जोडा आणि कारणे तारखांसह द्या. आधी चुकीच्या न्यायालयात प्रामाणिकपणे वेळ गेला असेल तर तिथला दाखल क्रमांक, आणि योग्य मंचाकडे जाण्याची मुभा दिलेला आदेश, दोन्ही लावा. ती मुभा शब्दांत मागून न घेता प्रकरण मागे घेतले तर पुढे अडचण येते.

निवृत्तीच्या तोंडावरची वसुली

सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे जाते, पंधरा वर्षांपूर्वीची चूक निघते, आणि उपदानातून अतिप्रदानाची, म्हणजे जादा दिलेल्या पगाराची, वसुली दाखवली जाते. इथे १८ डिसेंबर २०१४ चा रफिक मसीह निकाल उपयोगी पडतो. गट क आणि ड चे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, पाच वर्षांहून जास्त काळ चाललेले जादा प्रदान, वरच्या पदाचे काम करून घेतलेले कर्मचारी, आणि वसुली अन्यायकारक ठरेल अशी इतर प्रकरणे, यांत वसुली करता येत नाही. पण वेतन निश्चितीच्या वेळी दिलेले, जादा रक्कम परत करण्याचे हमीपत्र शोधून पाहा. २०१६ च्या जगदेव सिंग निकालात हमीपत्र दिलेल्या अधिकाऱ्याकडून वसुली मान्य झाली, आणि शासनाची बाजू नेहमी त्यावर बोट ठेवते. तो अधिकारी वरच्या वर्गातला होता, तुम्ही गट क चे असाल तर हा फरक अर्जातच लिहा.

वसुलीचा आदेश हातात पडताच जा, रक्कम कापली जाण्याआधी. कापलेली रक्कम परत मिळवायला जास्त वेळ जातो. शासनाला न ऐकता मिळालेला अंतरिम आदेश कलम २४ नुसार १४ दिवसांपुरता असतो. तो पुढे चालू ठेवून घेण्याची तारीख डायरीत हवी. वसुली थांबली म्हणजे चुकीची निश्चिती योग्य ठरली असेही नाही, पुढचे वेतन आणि निवृत्तिवेतन सुधारलेल्या दराने होऊ शकते.

निवृत्तिवेतन उशिरा सुरू झाले असेल तर १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतले १२९-अ आणि १२९-ब मागणीत लिहा: प्रशासकीय दिरंगाईने उपदान तीन महिन्यांपलीकडे किंवा निवृत्तिवेतन सहा महिन्यांपलीकडे गेले तर व्याजाची तरतूद त्यांत आहे. विभागीय चौकशी चालू असेल तर नियम १३० खालचे तात्पुरते निवृत्तिवेतन मागा. चौकशी आहे म्हणून काहीच न देणे नियमात नाही. नुसती दिरंगाई असेल, कायद्याचा वाद नसेल, तर लोकआयुक्तांकडे तक्रार हाही मार्ग आहे. त्यांच्या कक्षेतून सेवाविषयक बाबी वगळल्या आहेत, पण निवृत्तिवेतन, उपदान आणि भविष्य निर्वाह निधी यांचे दावे नाहीत. मात्र तिकडे वाट पाहताना मॅटची मुदत थांबत नाही.

अर्ज बांधताना

प्रतिवादी नीट घाला. विभागाचे सचिव, विभागप्रमुख, नियुक्ती प्राधिकारी, पगाराची बिले काढणारे आहरण व संवितरण अधिकारी. निवृत्तिवेतनाचा प्रश्न असेल तर नागपूरचे महालेखापाल हवेतच, कारण मराठवाड्याची निवृत्तिवेतन प्रकरणे तिथे तपासली जातात. पडताळणी पथकाच्या आक्षेपावर वाद असेल तर तेही. आदेश झाल्यावर "आम्ही पक्षकार नव्हतो" हे उत्तर ऐकण्यापेक्षा एक प्रत जास्त काढलेली बरी.

अर्जाला मागणी तक्ता जोडा. हे काम बरेच जण टाळतात आणि मग आदेश "नियमानुसार देय रक्कम द्यावी" एवढाच होतो, ज्यावर कार्यालय पुन्हा आपला अर्थ लावते. रकाने असे: महिना, देय मूळ वेतन, दिलेले मूळ वेतन, फरक, त्यावरचा महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, एकूण. वेतनवाढीच्या तारखांना आणि १ जानेवारी २०१६ ला, म्हणजे सातव्या वेतन आयोगाच्या निश्चितीला, वेगळी ओळ. आश्वासित प्रगती योजनेत १०-२०-३० वर्षांचे टप्पे मोजताना जुन्या १२-२४ च्या योजनेत घेतलेला लाभ वजा दाखवा; लपवला तर संपूर्ण तक्त्यावरचा विश्वास जातो.

मागण्या क्रमाने लिहा: आधी चुकीचा आदेश रद्द, मग योग्य वेतन अमुक टप्प्यावर निश्चित करण्याचा निर्देश, मग थकबाकी, मग सुधारित निवृत्तिवेतन, मग व्याज. नुसते पैसे मागून ज्या आदेशामुळे ते अडले तो आदेश आव्हानाबाहेर ठेवला, तर अर्ज तिथेच अडतो. दोन वेगळ्या कारणांच्या मागण्या, समजा वैद्यकीय प्रतिपूर्ती आणि पदोन्नतीचा फरक, एका अर्जात कोंबू नका. एकाच कारणाचे दहा कर्मचारी असतील तर एकत्र अर्ज करण्याच्या परवानगीचा किरकोळ अर्ज सोबत द्या.

तुमच्यासारख्याच सहकाऱ्याला निकाल मिळालेला असेल तर तो पहिल्याच परिशिष्टात. २०१४ च्या अरविंदकुमार श्रीवास्तव निकालाने समान स्थितीतल्यांना तोच लाभ द्यावा असे म्हटले आहे. पण वर्षानुवर्षे कुंपणावर बसून निकालाची वाट पाहणाऱ्याला नाही.

सेवापुस्तकाची प्रत कार्यालय देत नसेल तर माहिती अधिकारात मागा. वकील लावणे सक्तीचे नाही, कलम २३ स्वतः बाजू मांडू देते. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांना उत्पन्नाची अट न लागता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

नोटीस निघाली की काम संपत नाही. ती न्यायाधिकरणाच्या कार्यालयातून घेऊन प्रतिवादींना संपूर्ण अर्जासह हस्ते किंवा स्पीड पोस्टने पोचवणे आणि पोच प्रतिज्ञापत्रासह दाखल करणे ही अर्जदाराचीच जबाबदारी आदेशात लिहिलेली असते, आणि वेळेत न केल्यास अर्ज आपोआप निकाली निघेल असेही. देगलूर किंवा उमरग्याहून येणाऱ्याने तारखेच्या आदल्या दिवशी हे करायला जाऊ नये.

आदेश झाल्यावर प्रमाणित प्रत, हिशेबाचा तक्ता आणि एक पत्र, हे तिन्ही आहरण अधिकाऱ्याकडे पोच घेऊन द्या. आदेशात मुदत असेल तर ती संपण्याची तारीख पत्रात लिहा. "शासन खंडपीठात जात आहे" हे उत्तर आले तर स्थगिती आहे का तेवढेच विचारा. नुसती याचिका दाखल झाल्याने मॅटचा आदेश थांबत नाही. स्थगिती नसेल आणि पैसे आले नसतील तर कलम १७ खाली मॅटमध्येच अवमान अर्ज, अवज्ञा झाल्यापासून एक वर्षाच्या आत.